एकच गाव सात नावांनी: ओपनरिफाइनमध्ये यादी कशी चाळायची, तिला प्रश्न कसे विचारायचे

समजा, एका संस्थेने दोन दिवसांचं नेत्रतपासणी शिबिर घेतलं. पाच स्वयंसेवकांनी पाच लॅपटॉपवर नोंदी भरल्या आणि सगळं मिळून १,८४० ओळींची यादी झाली. रकाने असे: पावती क्रमांक, तारीख, नाव, जिल्हा, तालुका, गाव, वय, मोबाइल, तक्रार. देणगीदारांना कळवायचं आहे, की सोलापूर जिल्ह्यातून साठीच्या पुढचे किती जण आले. एक्सेलमध्ये फिल्टर लावला, खाली आकडा आला, तो अहवालात गेला.

त्या आकड्यात 'सोलापुर' लिहिलेले लोक नाहीत. 'जि. सोलापूर' लिहिलेले नाहीत. ज्यांच्या वयापुढे 'वर्षे' असा शब्द टाइप झाला, तेही नाहीत. एक्सेलने कुठेही चूक दाखवली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. चुकीचा प्रश्न विचारला की संगणक अडतो. घाण यादीला बरोबर प्रश्न विचारला की तो बिनदिक्कत चुकीचं उत्तर देतो. म्हणून मोजण्याआधी यादी नीट पाहायला हवी, आणि प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसाला हे पाहणं जमावं यासाठी ओपनरिफाइन इतकं उपयोगाचं दुसरं साधन सापडणं अवघड आहे.

हे साधन २०१० मध्ये मेटावेब या कंपनीत 'फ्रीबेस ग्रिडवर्क्स' या नावाने तयार झालं. त्याच वर्षी गूगलने ती कंपनी घेतली आणि नाव 'गूगल रिफाइन' झालं. २०१२ पासून ते 'ओपनरिफाइन' या नावाने खुल्या परवान्याखाली चालतं. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. ब्राउझरमध्ये दिसत असलं तरी ते तुमच्याच संगणकावर चालतं, यादी कुठल्याही सर्व्हरवर जात नाही. ज्या यादीत लोकांचे मोबाइल आणि आजार आहेत तिच्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे.

मेनूतले शब्द इंग्रजीत आहेत. खाली ते उच्चाराप्रमाणे अवतरणात लिहिले आहेत, म्हणजे पडद्यावर शोधायला सोपं जाईल.

हाताशी काय असावं

- विंडोज, मॅक किंवा लिनक्स असलेला संगणक. रॅम ४ जीबी असली तरी चालेल, ८ असली तर निवांत.
- क्रोम, एज किंवा फायरफॉक्स.
- मूळ फाइल, एक्सेल किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल). तिची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका.
- यादी युनिकोड मराठीत हवी. जुन्या फाइली कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये असतात. फॉन्ट बदलला की त्यांतली अक्षरं इंग्रजी चिन्हांचा गिचमिड मजकूर होतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, त्याशिवाय पुढचं काहीच जमणार नाही.
- एक कोरा कागद. 'कशाचं काय केलं' हे निर्णय त्यावर लिहायचे आहेत.

पीडीएफमधून कॉपी केलेली मराठी यादी शक्यतो घेऊ नका. जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या जागा बदलतात आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा टाइप करणं लवकर होतं.

१. बसवणं आणि सुरू करणं

ओपनरिफाइन डॉट ऑर्ग या संकेतस्थळावरून उतरवा. विंडोजसाठी दोन प्रकार दिसतील. त्यातला 'जावा'सकट असलेला घ्या, म्हणजे जावा (ओपनरिफाइन ज्याच्या आधाराने चालतं ते सॉफ्टवेअर) वेगळं बसवावं लागणार नाही. झिप फाइल पूर्ण उलगडा. झिपच्या आतूनच दुहेरी क्लिक करून चालू करायला गेलात तर ते चालू होत नाही, आणि सुरुवातीला बहुतेकांची गाडी इथेच अडते.

चालू केलं की एक काळी खिडकी उघडते आणि पाठोपाठ ब्राउझरमध्ये पान येतं. काळी खिडकी म्हणजेच खरा प्रोग्रॅम. ती बंद केली तर ब्राउझरमधलं पान नुसतं चित्र उरतं. पान आपोआप आलं नाही तर ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी १२७.०.०.१:३३३३ हे इंग्रजी अंकांत लिहा. काम दर पाच मिनिटांनी आपोआप साठवलं जातं. थांबताना काळ्या खिडकीत कंट्रोल आणि सी ही बटणं एकत्र दाबा, म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांतलंही जपलं जातं.

त्याला सुरुवातीला १ जीबी मेमरी दिलेली असते. काही हजार ओळींना ती भरपूर आहे. फाइल ५० एमबीच्या वर असेल किंवा एकूण सेल दहा लाखांवर जात असतील तर वाढवावी लागते. विंडोजवर त्यासाठी त्याच फोल्डरमधली 'ओपनरिफाइन डॉट एल४जे डॉट आयएनआय' ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून १०२४ च्या जागी ३०७२ करा (अंक इंग्रजीतच). संगणकाच्या एकूण रॅमच्या निम्म्याहून जास्त देऊ नका.

२. यादी आत घेणं

'क्रिएट प्रोजेक्ट' मध्ये फाइल निवडा. इथे एक सोय बहुतेकांना माहीत नसते: पाचही फाइली एकदम निवडता येतात. रकान्यांची नावं सारखी असली की त्या एकाखाली एक जोडल्या जातात, आणि 'स्टोअर फाइल सोर्स' वर खूण केली तर प्रत्येक ओळ कुठल्या फाइलीतून आली हे सांगणारा जादा रकाना मिळतो. नंतर एखादी चूक ठरावीक एकाच लॅपटॉपवरून येते आहे हे त्यामुळे लगेच दिसतं. हाताने चिकटवलेल्या फाइलीत ही माहिती कायमची जाते.

पुढच्या पानावर नमुना दिसतो. घाई न करता तीन गोष्टी पाहा.

अक्षरं. मराठीच्या जागी टोप्या आणि टिंबं असलेली परकी अक्षरं दिसत असतील तर 'कॅरेक्टर एन्कोडिंग' या चौकटीत यूटीएफ-८ निवडा. तरीही सुधारलं नाही तर ती सीएसव्ही आधी कुणीतरी एक्सेलमध्ये उघडून पुन्हा साठवली असण्याची शक्यता मोठी. मूळ फाइल मागवा.

शीर्षकं. आपल्याकडच्या याद्यांत वर संस्थेचं नाव, पत्ता, 'दिनांक' अशा दोन-तीन ओळी असतातच. 'इग्नोर फर्स्ट' मध्ये तितका आकडा घाला, म्हणजे खरी शीर्षकं रकान्यांच्या डोक्यावर बसतील.

अंक. 'पार्स सेल टेक्स्ट इन्टू नंबर्स' वर खूण करू नका. केली तर शून्याने सुरू होणाऱ्या पावती क्रमांकांचं शून्य गळून पडतं. ज्या रकान्याचे आकडे मोजायचे आहेत तेवढाच रकाना नंतर आकड्यांत बदलता येतो.

मग प्रोजेक्टला नाव द्या आणि तयार करा. इथून पुढे तुमच्या मूळ फाइलीला काहीही होत नाही, सगळं काम वेगळ्या साठ्यात चालतं.

३. फॅसेट: आधी नुसतं पाहा

'जिल्हा' रकान्याच्या डोक्यावरच्या छोट्या बाणावर क्लिक करा, 'फॅसेट', मग 'टेक्स्ट फॅसेट'. डावीकडे त्या रकान्यातल्या सगळ्या वेगवेगळ्या नोंदींची यादी येते, प्रत्येकीसमोर ती किती ओळींत आहे तो आकडा.

महाराष्ट्रात जिल्हे ३६. यादीच्या डोक्यावर 'फिफ्टी थ्री चॉइसेस' असं आलं, तर किमान सतरा नोंदी चुकीच्या किंवा दुबार आहेत हे एक ओळही न वाचता कळलं. यादी 'नेम' ने लावली की सारखी दिसणारी नावं शेजारी येतात. 'काउंट' ने लावून अगदी तळाशी जा. एक-एकदाच आलेल्या नोंदींत बहुतेक सगळ्या टायपिंगच्या चुका सापडतात.

नावावर माउस नेला की बाजूला 'एडिट' दिसतं. तिथे बदललं की ती नोंद असलेल्या सगळ्या ओळी एका फटक्यात बदलतात. 'उस्मानाबाद' आणि 'धाराशिव', 'औरंगाबाद' आणि 'छत्रपती संभाजीनगर', 'अहमदनगर' आणि 'अहिल्यानगर' या जोड्या अशाच हाताने एक कराव्या लागतात. अक्षरांत पुरेसं साम्य नसल्याने कुठलंही यंत्र त्या ओळखणार नाही. जुन्या कागदपत्रांशी ताळा घ्यायचा असेल तर मूळ रकाना जसाच्या तसा राहू द्या, 'एडिट कॉलम' मधल्या 'अॅड कॉलम बेस्ड ऑन धिस कॉलम' ने त्याची प्रत काढा (सूत्राच्या जागी आधीच लिहिलेलं असतं, नाव घालून फक्त ओके म्हणा) आणि प्रतीवर काम करा.

'गाव' रकान्याचा फॅसेट फार लांब होतो. दोन हजारांच्या वर वेगळ्या नोंदी असल्या तर तो यादी दाखवायचंच नाकारतो. मर्यादा वाढवता येते, पण त्यापेक्षा आधी एक जिल्हा निवडा, मग एक तालुका, आणि त्यातली गावं पाहा. शहाणी माणसं गावांची यादी तालुक्याशिवाय कधीच वाचत नाहीत. मालेगाव तालुका नाशिकलाही आहे आणि वाशिमलाही. कर्जत रायगडला आहे आणि अहिल्यानगरलाही. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत, कळंब यवतमाळात आणि धाराशिवात.

४. मोकळ्या जागा आधी काढा

'एडिट सेल्स', 'कॉमन ट्रान्सफॉर्म्स'. त्यात 'ट्रिम लीडिंग अँड ट्रेलिंग व्हाइटस्पेस' आणि 'कोलॅप्स कन्सेक्युटिव्ह व्हाइटस्पेस' हे दोन. जिल्हा, तालुका, गाव, नाव, चारही रकान्यांवर चालवा. नावाच्या शेवटी पडलेली एक मोकळी जागा डोळ्याला दिसत नाही, संगणकाला मात्र तो वेगळा शब्द वाटतो. या दोन क्लिकांनंतर फॅसेटमधल्या नोंदी बऱ्याच कमी झालेल्या दिसतात.

५. क्लस्टर: एकाच गावाची अनेक नावं एकत्र आणणं

फॅसेटच्या चौकटीतच 'क्लस्टर' बटण आहे. ते सारख्या वाटणाऱ्या नोंदींचे गट करून समोर ठेवतं. कुठला गट एक करायचा हे 'मर्ज' च्या चौकटीत खूण करून तुम्ही सांगायचं आणि कुठलं रूप ठेवायचं ते शेजारी लिहायचं. कामाचा गाभा इथे आहे. या पायरीचे इंग्रजी धडे जसेच्या तसे मराठी यादीला लावले तर हाती काही लागत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

पद्धती दोन कुळांतल्या. पहिलं कूळ 'की कोलिजन'. त्यातली 'फिंगरप्रिंट' विरामचिन्हं काढते, शब्द सुटे करते, अनुक्रमाने लावते आणि मग तुलना करते. त्यामुळे 'वडगाव बु.', 'वडगाव बु' आणि 'बु. वडगाव' एका गटात येतात. पण 'वडगाव(बु.)' येत नाही. मध्ये मोकळी जागा नसल्याने कंस काढल्यावर तो 'वडगावबु' असा एकच शब्द होतो. त्यासाठी 'एन-ग्रॅम फिंगरप्रिंट' निवडा, आकडा २ ठेवा. ही पद्धत मोकळ्या जागाही काढून टाकते, त्यामुळे 'वडगाव बु.' आणि 'वडगाव(बु.)' एकत्र येतात. थोडक्यात, दोन्ही चालवा. आधी फिंगरप्रिंट, मग एन-ग्रॅम.

याच यादीतल्या 'मेटाफोन', 'कोलोन फोनेटिक' वगैरे पद्धती उच्चारावर चालतात, पण तो उच्चार इंग्रजी, जर्मन अशा भाषांचा. देवनागरीसाठी त्या सोडून द्या.

'बु.' आणि 'बुद्रुक' या पद्धतींनी एक होणार नाहीत. 'एडिट सेल्स' मधल्या 'रिप्लेस' ने आधी सगळे 'बु.' पूर्ण 'बुद्रुक' करा, 'खु.' चे 'खुर्द'. बुद्रुक आणि खुर्द ही मात्र दोन वेगळी गावं आहेत. गट पाहताना ती एकात आली तर खूण करू नका.

दुसरं कूळ 'निअरेस्ट नेबर', त्यातली 'लेव्हेनश्टाइन' पद्धत. एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते ही मोजते. 'सोलापूर' आणि 'सोलापुर' मध्ये फरक एकाचा, मग ती एका गटात यायला हवीत. पण पहिल्यांदा चालवली तर येत नाहीत. कारण 'ब्लॉक कॅर्स' नावाच्या चौकटीत आधीपासून ६ लिहिलेला असतो. सलग सहा अक्षरं सारखी असतील तरच ती जोडी तपासायची, असा त्याचा अर्थ. संगणक मात्रा आणि वेलांट्या वेगळी अक्षरं म्हणून मोजतो. डोळ्यांना 'सोलापूर' चार अक्षरी वाटतं, त्याच्या हिशेबी ते सात: स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार, र. दोन्ही रूपांत सलग सारखी फक्त पहिली पाच. सहा भरत नाहीत, म्हणून जोडी तपासलीच जात नाही आणि पडद्यावर 'काही सापडलं नाही' असं निवांत उत्तर येतं. तो आकडा ३ करा. सोलापूर लगेच सापडेल.

३ केल्यावर दुसरा धोका उभा राहतो. 'मालेगाव' आणि 'माळेगाव' यांच्यातही फरक एकाच अक्षराचा आणि शेवटची चार अक्षरं सारखी. तीही जोडी आता समोर येते. एक नाशिक जिल्ह्यातलं शहर, दुसरं बारामतीजवळचं गाव. गटावर माउस नेला की 'ब्राउज धिस क्लस्टर' दिसतं. ते दाबून दोन्हींचे तालुके पाहा, मगच ठरवा. 'सिलेक्ट ऑल' हे बटण या पद्धतीत कधीही दाबू नका.

शेजारच्या 'रेडियस' चौकटीत १ असतो, तो १ च राहू द्या. रेडियस २ आणि ब्लॉक २ केलं तर 'पुणे' आणि 'ठाणे' एका गटात येतात, कारण दोनच अक्षरं बदलतात आणि शेवटचं 'णे' सारखं आहे.

मराठीत आणखी एक अदृश्य भानगड असते. 'ॲ' हे अक्षर एका कीबोर्डवरून एकसंध येतं, दुसऱ्यावरून 'अ' वर चंद्र देऊन बनतं. 'ऱ्या' मधला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला हुबेहूब, आतून वेगळे. फॅसेटमध्ये एकच नाव दोनदा दिसलं आणि मोकळी जागाही नसली तर कारण हेच असणार. एका रूपाची कॉपी करून दुसऱ्याच्या 'एडिट' मध्ये चिकटवा.

६. वय, मोबाइल आणि तारीख

वयाचे देवनागरी अंक आधी 'रिप्लेस' ने इंग्रजी करा. दहा अंक, दहा वेळा, पाच मिनिटांचं काम. मग 'कॉमन ट्रान्सफॉर्म्स' मध्ये 'टू नंबर' आणि नंतर 'न्यूमेरिक फॅसेट'. एक आलेख येतो, त्याखाली 'न्यूमेरिक', 'नॉन-न्यूमेरिक', 'ब्लँक' आणि 'एरर' अशा खुणा. फक्त 'नॉन-न्यूमेरिक' ठेवा: '६२ वर्षे', 'साठ', 'अं. ७०' अशा नोंदी एका जागी जमा होतात. आलेखाच्या उजव्या टोकाला १९५८ सारखा आकडा दिसला तर कुणीतरी वयाच्या जागी जन्मसाल लिहिलं आहे. शून्य वय दिसलं तर ते बाळ आहे की न विचारलेलं वय, हे कागदी फॉर्म पाहूनच ठरवा. अंदाजाने भरू नका.

मोबाइलसाठी आधी 'टू टेक्स्ट' करा, मग 'कस्टमाइज्ड फॅसेट्स' मधला 'टेक्स्ट लेंथ फॅसेट'. दहा सोडून बाकी लांबी असलेले सगळे नंबर संशयित. तिथलाच 'डुप्लिकेट्स फॅसेट' दोनदा आलेले नंबर दाखवतो. पण एका घरात एक फोन असतो आणि आजी, आजोबा, सून तिघांच्या पावतीवर तोच नंबर असतो. नंबर सारखा म्हणून ओळ पुसू नका. नाव आणि वयही जुळलं तरच ती दुबार नोंद.

तारखेचा सापळा सगळ्यांत वाईट, कारण तो फसल्याचं कळतही नाही. '०३/०४/२०२५' म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. 'टू डेट' मात्र महिना आधी धरतं आणि ४ मार्च करून मोकळं होतं. उपाय सरळ आहे. 'एडिट कॉलम', 'स्प्लिट इन्टू सेव्हरल कॉलम्स', विभाजक म्हणून तिरकी रेघ. 'गेस सेल टाइप' आणि 'रिमूव्ह धिस कॉलम' या दोन्ही खुणा काढून टाका. दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने मिळतील. महिन्याच्या रकान्यात १२ हून मोठा आकडा आहे का, ते टेक्स्ट फॅसेटने पाहा. मग 'जॉइन कॉलम्स' मध्ये वर्ष, महिना, दिवस असा क्रम लावून मध्ये आडवी रेघ द्या. आता 'टू डेट' चुकणार नाही.

७. आता प्रश्न विचारा

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यातले, साठीच्या पुढचे, मोतीबिंदू असलेले आणि मोबाइल नसलेले किती? शस्त्रक्रियेचा निरोप द्यायला यांच्याकडे कुणाला तरी पाठवावं लागणार आहे.

'जिल्हा' वर टेक्स्ट फॅसेट, त्यात 'सोलापूर' वर क्लिक. 'वय' वर न्यूमेरिक फॅसेट, डावा दांडा ओढून साठपर्यंत आणा. 'तक्रार' वर 'टेक्स्ट फिल्टर', त्यात 'मोतीबिंदू' लिहा. 'मोबाइल' वर 'कस्टमाइज्ड फॅसेट्स' मधला 'फॅसेट बाय ब्लँक', त्यात 'ट्रू' निवडा. वर 'मॅचिंग रोज' समोर उत्तर आहे आणि खाली ती माणसं.

नियम एवढाच: वेगवेगळे फॅसेट एकमेकांना 'आणि' ने जोडले जातात. एकाच फॅसेटमध्ये माउस नेऊन 'इन्क्लूड' म्हणत दोन जिल्हे निवडले तर ते 'किंवा'. 'इन्व्हर्ट' म्हणजे 'हे सोडून'. डेटाबेसवाले जे प्रश्न कोड लिहून विचारतात, त्यातले रोजचे बहुतेक या तीन शब्दांत बसतात. एक फॅसेट हलवला की बाकीच्यांचे आकडे लगेच बदलतात, त्यामुळे पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

दोन गोष्टी मात्र मनात पक्क्या करा. फॅसेट लागलेला असताना केलेला प्रत्येक बदल फक्त समोर उरलेल्या ओळींना लागू होतो. आणि त्या अवस्थेत 'एक्सपोर्ट' केलं तर तेवढ्याच ओळी बाहेर जातात. कधी हवं ते हेच असतं, पण अजाणता झालं तर अर्धी यादी हरवते. मोठा बदल करण्याआधी डावीकडचं 'रिमूव्ह ऑल' दाबायची सवय लावा.

८. एका सेलमध्ये दोन तक्रारी असल्या तर

'मोतीबिंदू; मधुमेह' असं एकत्र लिहिलेलं असेल तर 'एडिट सेल्स' मधलं 'स्प्लिट मल्टी-व्हॅल्यूड सेल्स' वापरा, विभाजक अर्धविराम. दुसरी तक्रार खालच्या नव्या ओळीत जाते आणि त्या ओळीचे बाकीचे रकाने रिकामे राहतात. आता ओळी १,८४० हून जास्त दिसतील, माणसं तितकीच आहेत. वर 'शो अॅज' समोर 'रेकॉर्ड्स' निवडा, म्हणजे माणसं मोजली जातील. 'रोज' वर राहिलात तर जिल्ह्याचा फॅसेट लावताच दुसऱ्या तक्रारीच्या ओळी गळून पडतात.

रेकॉर्ड पहिल्या रकान्यावरून ठरतं. तिथे एखाद्या खऱ्या ओळीत रिकामी जागा असेल तर ती व्यक्ती वरच्या माणसाला चिकटते. म्हणून पावती क्रमांक 'मूव्ह कॉलम टू बिगिनिंग' ने पुढे आणा आणि तो कुठे रिकामा नाही ना, हे विभागणी करण्याआधी तपासा.

९. पायऱ्या जपून ठेवा

डावीकडे 'अन्डू / रीडू' मध्ये पहिल्यापासूनची प्रत्येक पायरी आहे. कितीही मागे जाता येतं. पण मागे जाऊन नवा बदल केला की त्यापुढच्या जुन्या पायऱ्या कायमच्या जातात, तेव्हा नुसतं बघायला मागे गेला असाल तर हात आवरा.

'एक्स्ट्रॅक्ट' ने या पायऱ्यांचा मजकूर कॉपी करून साध्या फाइलीत ठेवा. पुढच्या शिबिराची यादी आली की 'अप्लाय' मध्ये चिकटवा, तेच सगळे बदल पुन्हा होतात. रकान्यांची नावं अक्षरशः तीच हवीत. एकेका सेलमध्ये हाताने केलेली दुरुस्ती मात्र या मजकुरात येत नाही, म्हणून शक्य तितकं फॅसेटमधून दुरुस्त करा.

१०. बाहेर काढणं

एक्सेलमध्येच उघडायचं असेल तर सीएसव्ही न काढता थेट एक्सेल प्रकारात 'एक्सपोर्ट' करा. सीएसव्ही दुहेरी क्लिकने उघडली की एक्सेलमध्ये मराठी अक्षरं बिघडू शकतात.

जिल्हावार बेरजा, तक्ते, आलेख ही कामं ओपनरिफाइनची नाहीत. साफ झालेली यादी एक्सेल किंवा लिब्रेऑफिसच्या पिव्होट टेबलमध्ये घ्या. एकाहून जास्त याद्या कायम एकमेकींशी जोडून प्रश्न विचारायचे असतील आणि संस्थेत डेटाबेस बसवून देणारं कुणी असेल, तर मेटाबेस हे साधन पाहा. तिथेही चौकटी निवडत प्रश्न तयार होतो. घाण यादी तिथे नेली तर ती तशीच घाण दिसेल, म्हणून क्रम बदलू नका.

'एक्सपोर्ट' च्या यादीत सगळा प्रोजेक्टच बाहेर काढायचा पर्यायही आहे. सहकाऱ्याला काम पुढे न्यायला तो उत्तम. पण त्यात सगळा इतिहास जातो. तुम्ही मोबाइलचा रकाना काढून टाकला असला तरी समोरचा 'अन्डू' करून तो परत आणू शकतो. देणगीदाराला, पत्रकाराला किंवा बाहेरच्या कुणालाही पाठवायची असेल तर नाव आणि मोबाइलचे रकाने काढून फक्त एक्सेल पाठवा. पाठवण्याआधी ती फाइल स्वतः एकदा उघडून पाहा: ओळींची संख्या जुळते का, आणि नको असलेला रकाना खरंच गेला आहे का.